जो शब्द घरात आला नाही

प्रशील धुळ्याहून न कळवता आला की ओळखावं, बरोबर कागद आहे. सुरवाड्यांच्या घरात हा नियम गेल्या पंधरा वर्षांत चुकला नव्हता. म्हणून रविवारी अकराच्या सुमाराला बोदवडच्या घरापुढे गाडी थांबली, प्रशील उतरला, मागून सून शिल्पा आणि तेवीस वर्षांचा नातू आकाश उतरले, तेव्हा मोतीलालने मुलाच्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काखेतली निळी फाइल तेवढी पाहिली आणि मान वळवून तो पुन्हा विस्तवात कपाशीच्या पऱ्हाट्या सारू लागला.

परसात भरताचा बेत होता. मोतीलालची थोरली बहीण द्रौपदाबाई त्यासाठी आदल्या दिवशीच मुक्ताईनगरहून येऊन बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत, शहात्तर वर्षांच्या मोतीलालसकट. ऐंशी ओलांडली तरी अक्काचे दात शाबूत होते आणि जीभ दातांपेक्षा शाबूत होती. वांगी कोणत्या शेतातली, पऱ्हाट्या ओल्या कशा, मिरची कमी का, यावर सकाळपासून तिचं चालूच होतं.

मोतीलालची मुलगी संघमित्रा पाटावर बसून भाजलेली वांगी सोलत होती. उजवा पाय नेहमीसारखा पुढे सरळ, पायाला आधार देणारं पट्ट्यांचं कॅलिपर काढून भिंतीला टेकवलेलं. दोन वर्षांची असताना पोलिओत तो पाय गेला, आता ती एक्केचाळीसची होती. या घरात त्याला ‘संघाचा पाय’ म्हणत, जसं दुसऱ्या घरी कुणाचा चष्मा म्हणतील. अपंग हा शब्द मात्र उंबऱ्याच्या आत आणायचा नाही अशी मोतीलालची सक्त ताकीद होती. पाहुण्यारावळ्यांनाही ती ठाऊक होती. एकदा एका व्याह्याने चुकून तो शब्द काढला, तर मोतीलालने त्याच्यापुढचं ताट उचललं नाही एवढंच.

वांगी कुटायच्या लाकडी बडग्यात पडायच्या आत प्रशीलने फाइल उघडली.

“आबा, स्टेशन रोड रुंद होतोय. आपलं दुकान जानेवारीत जाणार.”

“मले माहीत आहे,” मोतीलाल म्हणाला. जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेने बांधून द्यायचं ते दुकान त्याचंच होतं.

“नगरपंचायतीच्या नव्या इमारतीत वीस गाळे निघालेत. लिलावात आपला टिकाव लागायचा नाही. पण तळमजल्यावरचा एक गाळा राखीव आहे, आणि त्यासाठी अजून एकाचाही अर्ज नाही. मी चौकशी केली.”

“राखीव कोनासाठी?”

उत्तर मोतीलालला कळलं होतं. त्याला ते मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं. प्रशील धुळ्याला सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होता आणि कोणत्या ठिकाणी कोणता शब्द ठेवायचा हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

“दिव्यांगांसाठी,” तो म्हणाला. “संघाचा दाखला नाही, म्हणून मी ऑनलाइन नोंदणी करून टाकली. मंगळवारी जळगावला तपासणी आहे. गाळ्याच्या अर्जाला सध्या नोंदणीची पावती जोडली तरी चालतं.”

“मले न विचारता केलं?”

“विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?”

हा प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाचा मोतीलालला पहिल्यापासून राग. “माझ्या घरात तो कागद यायचा नाही,” तो म्हणाला. “दुकान गेलं तं गेलं. मी झाडाखाली बसून मोटारी बांधीन.”

“आबा, तो जुना शब्द नाही हो आता. दिव्यांग म्हणतात. सन्मानाचा शब्द आहे.”

यावर अक्काने मिरची कुटायचं मुसळ खाली ठेवलं. “सन्मानाचा शब्द,” ती म्हणाली. “आमालेबी दिला व्हता एक, पोरा. गोड व्हता. हरिजन. देवाची मानसं म्हने आमी. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाटी व्हती त्या शब्दाची, निळ्या अक्षरात. मोतीलाल, तुले याद आहे का?”

मोतीलालला आठवत नसतं तरच नवल. आठ वर्षांचा होता तो. ज्या वर्षी त्यांच्या बापाने, पुनाने, घरातले देव विहिरीत सोडले आणि आम्ही बौद्ध म्हणून सांगितलं, त्याच वर्षी भर दुपारी गावासमोर पुनाने विळ्याने ती पाटी खरवडली होती. पाटलाचा माणूस विचारायला आला तेव्हा पुना म्हणाला होता, आमचं नाव आम्ही ठेवलं आहे, तुम्ही कशाला तसदी घेता. सुरवाड्यांच्या घरात हे वाक्य लग्नात, बारशात, निवडणुकीत, कुठेही निघायचं आणि निघालं की सगळ्यांच्या माना ताठ व्हायच्या. आत्ताही झाल्या.

“देवाची मानसं म्हनत,” अक्का पुढे म्हणाली, “अन पानी वरूनच वाढत. तवापासून नावात देव आला की मले भेव वाटते. ज्याले हक्क द्यायचा नसते त्याले लोक देव देतात. तुझ्या या दिव्य शब्दाचंबी मले तसंच वाटते.”

प्रशीलने फाइल अर्धवट मिटली. कचेरीत दहा परिपत्रकांना पुरून उरणारा माणूस, पण आत्यापुढे त्याचं कधी चाललं नव्हतं.

शिल्पाने मात्र पदर खोचला. ती धुळ्याकडची, अहिराणीत सरळ बोलायची, आणि सासऱ्यापुढची तिची भीड पहिल्या वर्षीच चेपली होती. “आबा, नाव काय बी ऱ्हावो. गाळा तं पक्का शे ना? रस्तावर शे, तळमजलाले शे. समदा गिऱ्हाइक तठेच येतीन. नावले काय चाटानं शे?”

“नावाले चाटायचं नाही, सूनबाई. पण नाव चिकटते,” मोतीलाल म्हणाला आणि त्याने ती गोष्ट काढली.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. पंच्याण्णव साल. तालुक्याच्या शाळेत पोलिओ झालेल्या पोरांच्या तपासणीचं शिबिर. मंडपात टेबलं मांडलेली, आणि शिबिराचे कार्यकर्ते प्रत्येक पोराच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवत होते. वर नंबर, खाली तो शब्द. बारा वर्षांची संघमित्रा रांगेत उभी, गळ्यात सुतळी. मोतीलाल सायकलला कुलूप लावून आत आला आणि त्याने ते पाहिलं. त्याने मुलीच्या गळ्यातली पाटी काढली, तिचे चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. ‘माझ्या बापानं एक पाटी खरवडली, मी दुसरी लावून घ्यायचा नाही,’ असं तो डॉक्टरांना म्हणाला आणि मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून घरी घेऊन आला. मुलीला त्याने दुकानात बसवलं, तार हातात दिली. तिथून पुढची वर्षं ती तार तिच्या हातून सुटली नव्हती.

सांगताना मोतीलालचा आवाज चढला आणि डोळे भरून आले. दर वेळी येत. अक्का मान हलवत होती, आकाशसुद्धा मोबाइल खिशात घालून ऐकत होता.

“आबा,” संघमित्रा म्हणाली. तिच्या बोटांना वांग्याची काळी साल लागली होती, ती तिने फडक्याला पुसली. “त्या गोष्टीत मीबी व्हती. माझ्याकडून कोनी कधी ऐकली नाही.”

“तुझ्याकडून काय ऐकायचं? तू लहान व्हती.”

“बारा वर्षांची व्हती. माझा नंबर एकतीस. माझ्यापुढे दोनच पोरं राह्यली व्हती. त्या टेबलावर कॅलिपरचं माप घेत व्हते. माझ्यापुढच्या पोरीले मिळालं, पंधरा दिवसांत. मले तीन वर्षांनी मिळालं, तेबी तुम्ही विकत आणलं तवा. तीन वर्षं मी हात गुडघ्यावर ठेवून चालली. पाठ तवाच वाकडी झाली.”

अक्काची हलणारी मान थांबली.

“अन त्याच शिबिरात दाखला मिळत व्हता, त्याच्यावर एसटीचा पास व्हता. जळगावच्या आयटीआयला माझा नंबर लागला व्हता, वायरमनचा. रोजचं जाणं-येणं परवडलं नाही म्हनून मी गेली नाही. तुम्ही लोकांले सांगितलं, माझी पोरगी मीच शिकवीन. चांगलं शिकवलं, मी नाही म्हनत नाही. पाटी फाडली तेबी चांगलं केलं. पन पाटीबरोबर माझा नंबरबी फाटला, आबा.”

मोतीलालच्या हातातली पऱ्हाटी विस्तवाबाहेरच राहिली. तीस वर्षं तो ही गोष्ट सांगत होता आणि तीस वर्षं ती समोर बसून ऐकत होती, वांगी सोलत, तार गुंडाळत, चहा देत. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नव्हतं. बापाला गोष्टीत शोभून दिसू द्यावं म्हणून ती गप्प राहिली होती, हे त्याला आत्ता, चुलीच्या धुरात, शहात्तराव्या वर्षी कळलं.

“शब्दाची मले लाज नाही,” ती म्हणाली. “अपंग म्हना, दिव्यांग म्हना, आणखी वीस वर्षांनी आणखी काही म्हनतील. तवाबी पाय हाच राहीन. अक्का म्हनते ते खरं आहे, गोड शब्दाले भुलू नये. पन कडू शब्दाले भ्यावं काहून? प्रशीलच्या नोकरीच्या वक्ताले जातीचा दाखला काढाले तुम्ही जळगावले चार खेटे घातले. त्या कागदावर कोणता शब्द व्हता? ज्याच्यापायी पुनाबाबानं देव सोडले तोच. तवा तुम्ही त्याले काय सांगितलं?”

प्रशील खाली बघत होता. उत्तर त्यानेच दिलं. “भीक नाही, हक्क आहे म्हणाले.”

“पोराच्या कागदाले हक्क, अन पोरीच्या कागदाले डाग,” अक्का एकदम म्हणाली. म्हातारी कूस बदलावी इतक्या सहज बाजू बदलत असे. “हे काही बराबर नाही, मोतीलाल.”

आता घरात मोतीलाल एकटा पडला होता. प्रशीलला ते दिसलं आणि लोखंड तापलेलं पाहून त्याने घाव घातला. घाई केली, तीच नडली.

“म्हणजे ठरलं तर. अर्ज संघाच्या नावाने करू. कागदोपत्री गाळा तिचा, बसेल आकाश. त्याचं आयटीआय झालंय, पोरगा रिकामा आहे. संघाला तरी आता किती दिवस झेपणार आहे?”

शिल्पाने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. आकाशचे कान लाल झाले. संघमित्राने कॅलिपर ओढून घेतलं आणि एकेक पट्टा आवळायला सुरुवात केली.

आणि मोतीलालच्या कानात एकच शब्द अडकला. झेपणार नाही. केवढा साधा शब्द. पुठ्ठ्यावर छापलेला नाही, गळ्यात अडकवलेला नाही. त्याने तो दुसरा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायला तीस वर्षं राखण केली आणि त्याचा अर्थ घरातच पाय पसरून बसला होता. मुलावर ओरडायला तो उठला, पण तेवढ्यात पुढच्या अंगणात पिकअप गाडी येऊन उभी राहिली.

“मिस्तरी आहेत का घरी?”

पहूरचा लीलाधर होता. अंगावर दोन दिवसांचे कपडे, दाढीची खुंटं. गाडीत गोणपाटावर बोअरची पाणबुडी मोटार आडवी होती. केळीचा बाग त्याचा, दोन दिवस पाणी नव्हतं. जामनेरची तीन दुकानं वाटेत टाकून तो इथवर आला होता.

“आबा, रविवार आहे, माफ करा. पन तुमच्याच हातची पाहिजे. दुसऱ्याच्या हातची चार महिन्यांत जळते.”

आकाश आणि ड्रायव्हरने मोटार उतरवून ओसरीवर ठेवली. संघमित्रा एक हात भिंतीला लावत आली, खाली बसली. तिने पाय पुढे सोडला आणि मोटारीचा नळा त्या पायाच्या आणि कॅलिपरच्या सळईच्या मधल्या खोबणीत आडवा बसवला. तिची बसायची पद्धतच ती होती. चांगल्या दोन पायांच्या माणसाच्या मांडीवर मोटार डगमगते, तिच्या पायाशी ती शिकंज्यात धरल्यासारखी राहते. तिने वरचं झाकण खोललं, वाकून वास घेतला, केबलच्या तिन्ही तारा बोटांनी चाचपल्या.

“दोन फेजवर चालवली ना, दादा?”

लीलाधर ओशाळला. “एक फेज गेला व्हता. म्हनलं, तेवढं पानी होऊ द्यावं.”

“तेवढ्या पाण्यात तारेचा एक पूर्ण गट जळाला. बाकी तार चांगली आहे. उद्या दुपारी या.”

“ताई सांगतात म्हनजे झालं,” लीलाधर म्हणाला आणि मग सवयीने मोतीलालकडे वळला. “पन आबा, हात तुमचाच लागला पाहिजे हं.”

हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइक म्हणायचं आणि मोतीलाल प्रत्येकाला हो म्हणायचा. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. समोर मुलगी होती, तिच्या पायाशी मोटार होती, मागे दारात मुलगा, सून, नातू आणि बहीण उभी होती.

“लीलाधरभाऊ,” तो म्हणाला, “बारा वर्षं झाली, मी तार हातात धरली नाही. मोतीबिंदू काढला तरी बारीक तार मले दिसत नाही. तुमची मागची मोटार हिनं बांधली. त्याच्या आधीची हिनंच बांधली. मी नुसता खुर्चीवर बसून हो म्हनतो. बाईच्या हातची, अन ती अशी, म्हनल्यावर गिऱ्हाइक येनार नाही असं मले वाटलं. म्हनून मी तिले झाकली.”

आयुष्यात एवढी मोठी कबुली त्याने कुणापुढे दिली नव्हती, आणि दिली ती पहूरच्या एका गिऱ्हाइकापुढे.

लीलाधरने टोपी काढून डोकं खाजवलं. “आता तुम्हीच विषय काढला म्हनून सांगतो, आबा. आमाले माहीत आहे ते. सगळ्या पहूरले माहीत आहे. मोटार ताई बांधतात म्हनून तं इथवर येतो आमी. पन तुम्ही समोर बसेल राहता, तुम्हाले बरं वाटावं म्हनून मिस्तरी तुम्हाले म्हनतो.”

अक्का आधी हसली. तोंडाला पदर लावूनही तिचं हसू आवरेना. मग शिल्पा हसली, मग ड्रायव्हर. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथे तर बारा वर्षं सगळा तालुका उजेडात वावरत होता, टोपलीखाली होता तो एकटा मोतीलाल. त्याला शरम वाटली. पण शरमेच्या खालून, विहिरीत झरा लागावा तसा, अभिमान वर येत होता आणि तो काही केल्या दाबला जाईना. पहूरला माहीत होतं. जामनेरची तीन दुकानं टाकून लोक त्याच्या मुलीकडे येत होते, आणि वर त्याचं मन राखत होते.

लीलाधर गेल्यावर संघमित्रा मोटारीवरून नजर न उचलता बोलली. “प्रशील, अर्ज भर. गाळा माझ्या नावावर, अन चालवनार मी. आकाश, तुले शिकायचं असेल तं उद्यापासून ये. पहिले सहा महिने नुसती जळालेली तार उपसायची. कंटाळा आला तं धुळ्याले जायचं, मले राग नाही.”

“येईन, आत्या,” आकाश म्हणाला. बापाकडे त्याने पाहिलंही नाही.

“आत्या घरात. दुकानात मिस्तरी म्हनायचं.”

“आते तरी भरा कागद,” शिल्पा नवऱ्याला म्हणाली. “कधीना नुसता उभा शेतस.”

प्रशीलने ओसरीवर मांडी घातली. जे बोलून गेला होता ते त्याला सलत होतं, पण बहिणीची माफी कशी मागतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो नेहमीपेक्षा जास्त वळणदार अक्षरात लिहू लागला. नाव. वडिलांचं नाव. पत्ता. वय. मग त्याचं पेन थांबलं. पुढच्या रकान्यात छापलं होतं, ‘अर्जदार अपंग आहे काय? होय / नाही’. गोड शब्द नगरपंचायतीच्या जुन्या छापील अर्जापर्यंत अजून पोचला नव्हता. प्रशीलने तो रकाना मनातच वाचला आणि वडिलांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मोतीलाल जवळ आला. चष्मा नाकावर ढकलून त्याने कागद डोळ्यांशी धरला आणि तो रकाना मोठ्याने, एकेक अक्षर फोडून, स्वतः वाचला. घरातल्या भिंतींनी तो शब्द त्याच्या आवाजात पहिल्यांदाच ऐकला.

“होय लिही,” तो म्हणाला.

प्रशीलने खूण केली.

“आता खाली लिही, की पाच तालुक्यांच्या मोटारी हीच बांधते.”

“आबा, त्याला रकाना नाही.”

“नीट पाहा.”

“नाही हो. नाव, पत्ता, टक्केवारी, सही. एवढंच विचारलंय. ते नाही विचारलं.”

मोतीलालने कागद पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि डाव्या बाजूच्या कोऱ्या पट्टीवर बोट टेकवलं.

“मग समासात लिही.”